पिंजरा कशाला? मांजरं रात्री घरात घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पिसोळीच्या माळाला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत सध्या एकच विषय चालू आहे : भिंतीपलीकडून येणारा ‘कोल्हा’. ग्रुपवर रोज रात्री अंधूक व्हिडिओ पडतात. वनखात्याकडे पिंजरा मागायचा म्हणून अर्जावर सह्या गोळा होताहेत. तक्रार काय, तर तो आमची मांजरं उचलून नेईल.

मुळात तो कोल्हा नाही, खोकड (इंग्रजीत ‘इंडियन फॉक्स’) आहे. शेपटीचं टोक काळं, वजन जेमतेम दोन-तीन किलो. आमच्या विंगमधला पोसलेला बोका त्याच्याहून भारी भरेल. बाल्कनीतून मी दोघांची गाठ पडलेली पाहिली आहे. बोका अंग फुलवून फिस्कारला. खोकड थबकलं, नाक वर करून वास घेतला आणि बोक्याला लांबून वळसा घालून दिव्याच्या खांबाखाली पडलेले किडे टिपू लागलं. टोळ, वाळवी, उंदीर, बोरं असं त्याचं खाणं. मांजराचं तान्हं पिल्लू उघड्यावर सापडलं तर सोडणार नाही, हे खरं. पण पिल्लू उघड्यावर ठेवायचंच कशाला? परके बोकेसुद्धा त्याला मारतात.

खरा घोळ पार्किंगमधल्या ताटल्यांचा आहे. दूध-पोळी, माशांची डोकी रात्रभर तिथेच. त्या वासाने आधी भटकी कुत्री येतात, मागून खोकड. कुत्र्यांच्या टोळीपुढे मांजराचाही निभाव लागत नाही आणि खोकडाचाही. शिवाय रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) कुत्र्यांकडून खोकडांत पसरू शकतो. तेव्हा दिवेलागणीला ताटल्या उचला, मांजरं आत घ्या, त्यांना रेबीजची लस टोचून आणा. रोजची कटकट आहे, मान्य. सही ठोकणं त्यापेक्षा सोपं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खोकडाला संरक्षण आहे. सोसायटीने ठराव केला म्हणून ते पकडता येत नाही. आणि एक नेलं तरी माळ नि खरकटं इथेच राहणार, म्हणजे दुसरं येणार. जखमी खोकड दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर जरूर कळवावं.

त्यांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास होतात, तीही माळावरच्या बिळांत. त्याच माळावर रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात, त्याचा मात्र ग्रुपवर एकही व्हिडिओ नाही. ते थांबवण्यासाठी कोणी अर्ज काढला तर मी सही करायला तयार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, पिसोळी, पुणे