एका सहलीत एकच दालन पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुले संग्रहालयात का रमत नाहीत’ या विषयावर आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर सध्या पत्रे येत आहेत. एका वाचकांनी मोठाले स्क्रीन बसवायला सांगितले, दुसऱ्यांनी तिकीट माफ करायला, आणि तिसऱ्यांनी नेहमीप्रमाणे मोबाइलवर खापर फोडून विषय संपवला. परळ-लालबागच्या पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत मी वर्षानुवर्षे चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. मुंबईतली संग्रहालये आणि प्रदर्शने मी बहुतेक वेळा मुलांची रांग बरोबर घेऊनच पाहिली. माझे म्हणणे इतकेच की, मुले रमत नाहीत कारण आपण त्यांना तिथे थांबूच देत नाही.

‘मुंबई दर्शन’ नावाची शाळेची सहल ज्यांनी केली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सकाळी सातला बस. म्युझियम, गेटवे, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, तारांगण, चौपाटी, आणि अंधार पडायच्या आत शाळेच्या दारात. यात म्युझियमच्या वाट्याला पाऊण तास येतो. त्या पाऊण तासात तीन मजले. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांग चालते, मागून सर ‘पुढे चला, पुढे चला’ करतात, आणि मुलाला नीट दिसते ते पुढच्या मुलाचे डोके. मग मराठीच्या तासाला ‘आम्ही पाहिलेले वस्तुसंग्रहालय’ असा निबंध. ‘तेथे खूप जुन्या वस्तू होत्या. आम्हाला खूप मजा आली.’ हीच दोन वाक्ये वर्गातल्या निम्म्या वह्यांत असतात, बाकीच्या निम्म्या वह्यांत त्यांचा क्रम उलटा असतो.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना स्मरणचित्र नावाचा विषय असतो. पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात कागद वाटत असे आणि ‘काल जे पाहिलं ते काढा’ एवढेच सांगत असे. धावत्या सहलीनंतर कागदांवर काय उमटायचे? बस. बसची खिडकी. आइस्क्रीमवाला. एका मुलीने रांगेतल्या मैत्रिणीची वेणी फार सुंदर काढली होती, रिबिनीच्या घड्यांसकट. तिने खरोखर तेवढेच पाहिले होते, त्यामुळे तिला नावे ठेवायची काहीच सोय नव्हती.

पुढे एका मुख्याध्यापिकांना मी कसेबसे पटवले की वेगळी बस नको, बेस्टने जाऊ, एकच वर्ग नेऊ आणि एकच वस्तू पाहू. ती वस्तू म्हणजे आमच्या परळचा शिव. १९३१ साली परळहून शिवडीकडे रस्ता काढताना खोदकामात एक भलेमोठे शिल्प सापडले. अकरा फुटांहून उंच एकसंध शिळा. मधोमध एकातून एक वर उगवत गेलेल्या तीन आकृती आणि दोन्ही बाजूंना झुकलेल्या दोन-दोन, अशा एकूण सात. मूळ शिल्प आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे, आणि त्याची प्लास्टरमधली प्रतिकृती फोर्टात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. आधी मुलांना चालत मंदिरात नेले. नंतर म्युझियममध्ये त्या प्रतिकृतीसमोर उभे केले तेव्हा मागून आवाज आला, ‘बाई, ही तर आपल्या इथली!’ त्या मुलाचे घर मंदिराच्या मागच्या चाळीत होते. म्युझियम म्हणजे लांबच्या, मेलेल्या राजांच्या वस्तू, ही समजूत त्या वर्गापुरती तिथेच मिटली.

पॅड मांडीवर घेऊन मुले बसली. मी म्हटले, आधी मधली उभी रेषा आखा, मग दोन्हीकडचा तोल कसा साधलाय ते बघा. पहिली पंधरा मिनिटे चुळबुळ, खोडरबरांची देवाणघेवाण, ‘बाई, झालं’. मग आपोआप शांतता. अर्ध्या तासाने एका मुलाने विचारले की खालच्या बाजूचे काम अर्धवट का सोडलेय? शिल्पाचा खालचा भाग अपुरा वाटतो, हे अभ्यासकही सांगतात. सातवीतल्या पोराला ते कोणी सांगितले नव्हते, पेन्सिल तिथे पोचली तेव्हा त्याला ते दिसले. कारागीर मेला का, पैसे संपले का, लढाई झाली का, यावर मग परतीच्या बसमध्ये लालबाग येईपर्यंत भांडणे चालली होती. कंडक्टरही त्यात पडले.

त्याच म्युझियमच्या इमारतीची एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगत असे. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही वास्तू १९१४ साली बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होते. लोकांसाठी दारे उघडली ती १९२२च्या जानेवारीत. या हॉलमध्ये जखमी सैनिकांच्या खाटा होत्या असे म्हटले की मुले घुमटाकडे बघायची, मग फरशीकडे बघायची, आणि डाग शोधायला लागायची. मी त्यांना अडवत नसे. फरशी एवढी निरखून कोण बघतो!

आता भायखळ्याच्या राणीबागेकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. २०१७ साली पेंग्विन लोकांना बघायला खुले झाले. सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी मी पाहिली आहे आणि तिचे मला वाईट वाटत नाही, पोरांनी पेंग्विन बघावेतच. पण राणीबागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेले, मुंबईतले सर्वांत जुने. त्याच्यासमोरून माणसांचे लोंढे जातात. एका आईला मुलाला सांगताना ऐकले, ‘आत काही नाही रे, जुनी भांडी आहेत.’ इमारतीचा जीर्णोद्धार २००३ ते २००८ या काळात झाला, युनेस्कोने २००५ साली त्या कामाला सर्वोच्च पुरस्कार दिला. आतले छत, खांब, सोनेरी नक्षी बघून मोठ्या माणसांचेही तोंड उघडे राहते. आत मुंबईतल्या नाना जातीजमातींचे मातीचे छोटे पुतळे आहेत, गलबतांच्या प्रतिकृती आहेत, सात बेटांचे नकाशे आहेत. नकाशात आपले परळ शोधा, एवढ्या एका खेळावर माझा तास निघायचा. परळ एक बेट होते यावर पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही.

(हे भाऊ म्हणजे भाऊच्या धक्क्याचेच का, असे मुले दरवेळी विचारायची म्हणून लिहून टाकते. भाऊचा धक्का बांधणारे भाऊ ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. संग्रहालयाला नाव आहे ते रामकृष्ण विठ्ठल लाड या डॉक्टरांचे, जे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले आणि रोगी तपासता तपासता जुने शिलालेखही वाचायचे.)

आणि बाहेरच्या बागेत तो दगडी हत्ती! घारापुरीच्या धक्क्याजवळ तो उभा होता, त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, क्रेनने उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले, आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. मुलांना एवढीच गोष्ट सांगायची आणि म्हणायचे, सांधे शोधून काढा. ज्या हत्तीसमोरून लोक सेल्फी काढून अर्ध्या मिनिटात निघून जातात, त्याच्याभोवती माझी मुले तासभर फिरत असत. दुसऱ्या दिवशीच्या स्मरणचित्रात बस नव्हती. हत्ती होता, आणि त्याच्या अंगावर लांबलांब रेघा, काहींनी तर टाके घातल्यासारख्या काढलेल्या.

काळा घोडाही तिथेच आहे, हे किती मुंबईकरांना माहीत आहे? सातव्या एडवर्डचा तो घोड्यावरचा पुतळा १९६५ साली फोर्टातल्या काळा घोडा चौकातून हलवून भायखळ्याला आणला. चौकात २०१७ पासून नवा घोडा आहे, पाठीवर कोणी नसलेला. एकाच विषयाची ही दोन चित्रे आहेत, स्वार असलेला आणि नसलेला घोडा. जुन्यावर बसलेला माणूस कोण, नव्यावर का नाही, हा इतिहासाचा धडा. मानेचा बाक, पायांची ठेवण, चौथऱ्याची उंची, हा चित्रकलेचा. त्यासाठी पुस्तकही लागत नाही.

स्क्रीन बसवा म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर द्यायचे राहिले. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मुले बटणे दाबतात, चाके फिरवतात, आरशात स्वतःला फुगवून हसतात, आणि ते योग्यच आहे, विज्ञान हाताने करून बघायची गोष्ट आहे. पण मूर्तीशेजारी स्क्रीन लावला की पोरे मूर्तीकडे पाठ करून स्क्रीन बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. स्क्रीन त्यांच्या घरी आहे, वडिलांच्या खिशात आहे. मूर्ती घरी नाही. स्क्रीनचा खर्च करण्यापेक्षा मुलांशी बोलणारा माणूस नेमा. १९२६ साली त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्गविज्ञान विभागात पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून नावाजलेले तरुण सालिम अली गाइड-लेक्चरर होते, ही नोकरी तेव्हा होती! आता प्रत्येक संग्रहालयाला सालिम अली कुठून मिळणार, पण जे.जे. कला महाविद्यालयातून दरवर्षी मुले शिकून बाहेर पडतात, त्यांतल्या चार जणांना शनिवारी सकाळी मानधन देऊन बोलवायला काय हरकत आहे?

संग्रहालयांकडे माझे मागणे फार नाही. मुलांना जमिनीवर बसू द्यावे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) आमची मुले भिंतीला टेकून बसली तर रखवालदार म्हणाले, ‘इथे बसायचं नाही, बघून झालं की निघायचं.’ त्यांना तशीच सूचना असणार, म्हणून ती सूचना देणाऱ्यांनी बदलावी. रंग-पाणी नको हे समजते, पण पेन्सिलीने दगडाचे काय बिघडते? मजकुराच्या पाट्या दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर एखाद-दुसरी तरी लावावी, आणि त्यावरचे मराठी त्याला वाचता येईल असे असावे.

प्रदर्शनांचेही तेच. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून तिथेच बसलेला असतो. मुलांनी जाऊन त्याला विचारावे. माझ्या एका विद्यार्थ्याने एका अमूर्त चित्राच्या चित्रकाराला विचारले होते, ‘हे पूर्ण झालं हे तुम्हाला कसं कळलं?’ ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘अजून कळलेलं नाही.’ काळा घोडा महोत्सवाच्या गर्दीत मात्र मुलांना नेऊ नये, तिथे फक्त हात घट्ट धरून ठेवावा लागतो.

शाळांची अडचण मला माहीत आहे. सहलीचे पैसे भरणारे पालक ‘किती पॉइंट दाखवणार’ असे विचारतात, आणि ज्या शाळेचे पॉइंट जास्त ती शाळा चांगली. माझी सूचना अशी की सहल करायची तर खुशाल करा, पण तिच्यातून म्युझियम वगळा. म्युझियमसाठी वेगळी सकाळ ठेवा, एक वर्ग, एक दालन, दोन तास. मुंबईतल्या बहुतेक शाळांपासून एखादे तरी संग्रहालय बेस्टच्या एका बसवर आहे. शिक्षकांनी आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन कोणत्या वस्तूसमोर बसायचे ते ठरवून यावे. महापालिकेच्या शिक्षण विभागाने आपल्या शाळांपासून हे सुरू केले तर खासगी शाळा मागोमाग येतील, सहसा उलटे होते म्हणून हे लिहिते.

जाणाऱ्यांसाठी एवढेच की राणीबाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात, तारीख कॅलेंडर बघून ठरवावी. पॅड, क्लिपा आणि एचबी, टूबी पेन्सिली पुरेशा होतात. पेन्सिलींना टोके शाळेतूनच काढून न्यावीत, दालनात टोकयंत्राचा कचरा पडला की पुढच्या वर्गाला दारातच अडवतात.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, लालबाग, मुंबई