विषबाधेत जनावराची साखरही तपासा

संपादक महोदय,

कपाशीवरच्या फवारणीचे दिवस आले की शेतमजुरांच्या विषबाधेच्या बातम्या छापून येतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, त्यानंतर त्या यायलाच हव्यात. पण त्याच धुऱ्यावर चरणाऱ्या गायी-बैलांची बातमी क्वचितच होते. झालीच तर ‘जनावर दगावले’ एवढ्यावर संपते.

ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातले औषध पोटात गेले की लाळ गळते, अंग थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. एवढे गुराख्यालाही कळते. रक्तात काय चालले आहे ते मात्र दिसत नाही. ॲड्रिनल ग्रंथी चेतवल्या जातात, यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा मोडतो आणि रक्तातली साखर चढते. याच गटातले मॅलेथिऑन दिलेल्या उंदरांत हे आढळले आहे. गायीची साखर मुळात १०० मिलिलिटर रक्तात साधारण ४५ ते ७५ मिलिग्रॅम असते, त्यामुळे माणसाला चालणारा ११० चा आकडा तिच्या बाबतीत चढलेलाच.

मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक वाट दाखवली. दीर्घकाळ मोनोक्रोटोफॉस (याच गटातले औषध) दिलेल्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू ते पचवून ॲसिटेट हे आम्ल तयार करतात आणि त्यापासून यकृत साखर बनवते. (३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसवर २०२३ मध्ये बंदी आली, गोठ्याच्या वळचणीला जुना डबा नसेलच असे नाही.) हे निष्कर्ष गायीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिच्या कोठीपोटात ॲसिटेट एरवीही भरपूर तयार होते आणि साखरेसाठी ती मुख्यतः प्रोपिओनेट या कोठीपोटातल्याच दुसऱ्या आम्लावर अवलंबून असते. म्हणूनच तपासणी गायींवरच व्हायला हवी.

शहरातल्या श्वानपालकांनीही एक लक्षात ठेवावे. गोचिडांसाठी वापरले जाणारे ॲमिट्राझ अंगात भिनले की इन्सुलिन स्रवण्यास अडथळा येतो. कुत्रा सुस्त होतो, नाडी मंदावते, साखर वाढते. अशा कुत्र्यावर मधुमेहाचा शिक्का मारण्याआधी गोचिडांचे औषध कधी लावले ते विचारायलाच हवे. मालक आपणहून सांगत नाहीत.

पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात आहे, कापूस संशोधन संस्थाही इथलीच. दोघांनी मिळून काटोल, उमरेडकडच्या गुरांचे रक्त फवारणीआधी आणि फवारणीनंतर तपासावे. तोवर तालुक्याच्या दवाखान्यांनी विषबाधेच्या प्रत्येक केसपेपरवर ॲट्रोपिन या उताऱ्याच्या मात्रेशेजारी साखरेचा आकडाही लिहावा. थेंबभर रक्त आणि एक पट्टी, यापलीकडे खर्च नाही.

– एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, नागपूर