पगाराचा आकडा छापता, तसा वाटाही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर या उन्हाळ्यापासून अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलच्या बातम्या नियमित येतात, त्याबद्दल आधी आभार. माझी नात शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. सकाळी सहाला तिच्या मोबाइलवर सामना सुरू होतो आणि चहाचा कप घेऊन मीही शेजारी बसतो. त्यामुळे हे पान आमच्या घरी दोघं वाचतात.

पण प्रत्येक बातमीचा सूर एकच असतो. अमुक खेळाडूला इतके डॉलर, म्हणजे आपले इतके कोटी, आणि पुढे 'उधळण' किंवा 'पैशाचा बाजार'. ओक्लाहोमा सिटी थंडर संघाच्या शे गिल्जस-अलेक्झांडरने जुलै २०२५ मध्ये चार वर्षांचा वाढीव करार केला, साडेअठ्ठावीस कोटी डॉलरचा. त्याची आपण रुपयांत बेरीज करून दिलीत, सुमारे दोन हजार चारशे पन्नास कोटी. बेरीज बरोबर आहे. पण हा आकडा आला कुठून, हे बातमीत नव्हतं. ते सांगावं म्हणून हे पत्र.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो. बरीच वर्षं युनियनच्या वाटाघाटी समितीवर होतो. आमचा दर तीन वर्षांनी करार व्हायचा. व्यवस्थापन उत्पादनाचे आकडे टेबलावर ठेवायचं आणि बोलणी त्यावरच चालायची. ताळेबंद मागितला की विषय बदलायचा. कंपनीने कमावलं किती आणि त्यातलं मजुरीवर गेलं किती, हे आम्हाला कधीच धड कळलं नाही. म्हणून नातीने जेव्हा मला 'सॅलरी कॅप' समजावून सांगितली, तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, "हिशेब दोन्ही बाजू तपासतात? नक्की?" ती म्हणाली, "हो आबा, करारातच लिहिलंय."

तर तिथे असं आहे. लीगचं बास्केटबॉलमधून येणारं उत्पन्न, म्हणजे टीव्हीचे हक्क, तिकिटं, जाहिराती वगैरे, एकत्र मोजलं जातं. त्यातला साधारण निम्मा हिस्सा, करारानुसार ४९ ते ५१ टक्के, खेळाडूंचा. पुढच्या हंगामाचं अपेक्षित उत्पन्न धरून प्रत्येक संघाच्या पगाराची मर्यादा काढतात. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. एका खेळाडूला या मर्यादेच्या किती टक्के देता येतील, हेही ठरलेलं असतं, आणि सर्वांत वरचा टप्पा ३५ टक्क्यांचा. गिल्जस-अलेक्झांडरला मिळाला तो हाच टप्पा. मालक खुशीत येऊन त्याला चाळीस टक्के देऊ म्हणाला तरी देता येत नाहीत. शिवाय प्रत्येकाच्या पगारातले दहा टक्के वर्षभर राखून ठेवतात. वर्षअखेरीला खेळाडूंचा एकूण हिस्सा ठरल्यापेक्षा जास्त झालेला दिसला, तर त्यातून मालकांची भरपाई होते. याला उधळण कसं म्हणायचं?

हे सगळं मालकांनी आपणहून दिलेलं नाही. १४ जानेवारी १९६४ ची बोस्टनमधली संध्याकाळ घ्या. ऑल-स्टार सामना होता आणि तो देशभर टीव्हीवर दाखवायचा होता. बाहेर बर्फाचं वादळ होतं. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसले आणि म्हणाले, पेन्शनचं लेखी मान्य होत नाही तोवर आम्ही मैदानात येणार नाही. आत बिल रसेल होते, विल्ट चेंबरलेन होते, ऑस्कर रॉबर्टसन होते, एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट होते. युनियनचे अध्यक्ष टॉम हाइनसन. लेकर्सच्या मालकाने निरोप धाडला की माझ्या दोन खेळाडूंनी ताबडतोब बाहेर यावं. बेलर आणि वेस्ट जागचे हलले नाहीत. शेवटी लीगचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी पेन्शनचा शब्द दिला आणि सामना काही मिनिटं उशिरा सुरू झाला. ज्यांनी गेटवर सभा घेतल्यात त्यांना कळेल, अशा वेळी मालकाचा निरोप आल्यावर बसून राहणं काय असतं ते.

पुढे रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये लीगवर खटला भरला. तोवर करार संपला तरी खेळाडू संघाला बांधलेलाच राहायचा, दुसरीकडे जायची मुभा नव्हती. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि आज ज्याला 'फ्री एजन्सी' म्हणतात तिची वाट उघडली. १९८३ मध्ये काही संघ बुडायच्या बेताला आले, तेव्हा मालकांना पगाराला मर्यादा हवी होती. युनियनने ती मान्य केली, पण बदल्यात उत्पन्नाचा ५३ टक्के हिस्सा बांधून घेतला. पहिल्या वर्षी ही मर्यादा होती फक्त ३६ लाख डॉलर. नंतर दोन मोठ्या टाळेबंदी झाल्या. १९९८-९९ चा हंगाम पन्नास सामन्यांवर आला, २०११ चा सहासष्टवर. दुसऱ्या टाळेबंदीत ५७ टक्क्यांचा हिस्सा निम्म्याच्या आसपास घसरला. मला ही हार वाटते. पण ती हारही लेखी आहे, टक्क्यांत आहे आणि कुणालाही वाचता येते.

या व्यवस्थेत सगळं चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही. ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंना संघांनी पाळीपाळीने निवडून घ्यायची पद्धत, मला पटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कुठल्या शहरात काम करणार, हे नंबर टाकलेले चेंडू ठरवतात. २०२५ मध्ये डॅलस मॅव्हेरिक्स संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता १.८ टक्के होती, आणि मिळाली. त्यांनी कूपर फ्लॅगला घेतलं. त्याचा पगार ठरलेल्या तक्त्यातून येतो. तो कितीही उत्तम खेळला तरी पहिली चार वर्षं बाजारात जाऊन भाव विचारू शकत नाही. त्यानंतरही, दुसऱ्या संघाने दिलेला देकार जुन्या संघाने तेवढाच मान्य केला तर त्याला तिथेच राहावं लागतं. हा तक्ता ज्या करारात आहे, तो करार झाला तेव्हा हा मुलगा युनियनचा सभासदही नव्हता. आमच्याकडेही असंच व्हायचं. नव्या भरतीचं वेतन कमी ठेवून जुन्यांची वाढ पदरात पाडून घ्यायची, आणि त्या कराराच्या वेळी नवे लोक गेटच्या बाहेरच असायचे. गिल्जस-अलेक्झांडरचंच पाहा. २०१८ मध्ये शार्लटने त्याला अकराव्या क्रमांकावर निवडलं आणि त्याच रात्री क्लिपर्सकडे पाठवलं. वर्षभरात क्लिपर्सने पॉल जॉर्जच्या बदल्यात त्याला ओक्लाहोमाला दिलं, सोबत पहिल्या फेरीच्या पाच निवडी. त्या सौद्यातून ओक्लाहोमा २०२५ मध्ये विजेता झाला, याचं कौतुक आपण छापलंत. त्या पोराला या सगळ्यात कुणी काही विचारलं नव्हतं, तेही छापायला हवं होतं.

आणि लुका डॉन्चिच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅव्हेरिक्सने त्याला लेकर्सकडे पाठवलं. झोपायच्या बेतात असताना फोन आला, असं त्यानेच नंतर पत्रकारांना सांगितलं. आदल्या वर्षी ज्याने संघाला अंतिम फेरीत नेलं, त्याची ही गत. डॅलसमध्ये राहिला असता तर येत्या काळात सर्वांत वरच्या टप्प्याचा पाच वर्षांचा करार त्याला मिळू शकला असता. संघ बदलला आणि तो हक्क गेला. आता लेकर्सशी तीन वर्षांचा साडेसोळा कोटी डॉलरचा करार झालाय. रक्कम मोठी आहे म्हणून बदलीतला अन्याय लहान होत नाही. मला कुठेही पाठवू नका, अशी अट करारात घालायला लीगमध्ये आठ वर्षं आणि त्याच संघात चार वर्षं काढावी लागतात. लुकाची लीगमधली आठ वर्षं भरली नव्हती.

२०२३ च्या करारात पगाराच्या मर्यादेच्या बऱ्याच वर 'सेकंड एप्रन' नावाची आणखी एक रेषा आली. ती ओलांडणाऱ्या संघाचे अदलाबदलीतले हात बांधले जातात. बोस्टन २०२४ चा विजेता. एका वर्षात त्यांनी जरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या दोघांना दुसरीकडे पाठवलं, कारण पगार या रेषेखाली आणायचे होते. चांगला बांधलेला संघ हिशेबापायी मोडला जातो याचं मला वाईट वाटतं. त्याहून वाईट हे की कुठल्याही संघातले सर्वांत महागडे एक-दोघे आपला टप्पा घेऊन सुरक्षित राहतात, तळाच्यांना किमान वेतनाची हमी असते, आणि कात्री लागते ती मधल्या फळीला. हा करार खेळाडूंच्या युनियननेच मान्य केलाय. पुढच्या वेळी त्यांनी हे कलम पुन्हा उघडावं असं मनापासून वाटतं.

आता आपल्याकडे येतो. आयपीएलच्या लिलावातही प्रत्येक संघाच्या पर्सला मर्यादा असते. २०२५ साठी ती १२० कोटी होती, सामन्यांचं मानधन वगैरे धरून १४६ कोटी. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. आणि मंडळाने २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क विकलेत ४८,३९० कोटींना, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. तिकिटं आणि प्रायोजक सोडा, नुसत्या प्रसारणाच्या पैशाशी ताडून पाहिलं तरी खेळाडूंचा वाटा साधारण पंधरा टक्के भरतो. ऋषभ पंतला सत्तावीस कोटी मिळाले, याचा मथळा सगळ्यांनी केला. हे पंधरा टक्के मात्र मला कुठल्याच पानावर दिसले नाहीत. सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या वतीने मंडळाशी बोलणी करणारी युनियन आपल्याकडे नाही. २०१९ मध्ये मान्यता मिळालेली संघटना आहे ती निवृत्तांची. प्रो कबड्डीत तर एका संघाची पर्स पाच कोटींची. आपल्या गावागावांतली पोरं तिथे गुडघे आणि खांदे पणाला लावून खेळतात, आणि त्या लीगचं उत्पन्न किती हे त्यांना कुणी सांगत नाही.

माझी आपल्याला विनंती आहे. पुढच्या लिलावाची बातमी देताना सर्वांत महागड्या खेळाडूच्या फोटोशेजारी एक छोटी चौकट द्या. लीगचं एकूण उत्पन्न, खेळाडूंवर झालेला खर्च आणि त्याची टक्केवारी. उत्पन्नाचा आकडा मिळाला नाही, तर मागूनही दिला नाही असं संबंधितांचं नाव घेऊन छापा. आणि आपल्या प्रतिनिधीने मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना पत्रकार परिषदेत एवढं जरूर विचारावं, की ही मर्यादा ठरवताना खेळाडूंच्या वतीने टेबलावर कोण बसलं होतं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिटर, अंबड, नाशिक