नावं विचारायची राहिली, म्हणून हे आभार

माझी पन्नाशी आम्ही नाशिकच्या पाच मैत्रिणींनी अंदमानात साजरी केली. खूप सुंदर झाली, आणि ती अनोळखी माणसांमुळे.

स्वराज द्वीपला जाताना समुद्र खवळला आणि मला उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या बंगाली ताईंनी पदराच्या गाठीतून आल्याचा तुकडा काढून दिला आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत माझी पाठ चोळत राहिल्या. त्यांचं बोलणं कळत नव्हतं, पण हात अगदी आईचा.

राधानगर किनाऱ्यावरून परतताना औषधांची पर्स रिक्षात राहिली. तिकडे हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार पडतो. त्या अंधारात रिक्षावाले दादा आमचं हॉटेल शोधत आले! पैसे नाहीच घेतले, केक मात्र आवडीने खाल्ला.

सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर आम्ही, त्यांच्या भगूरच्या शेजारच्या, गप्प उभ्या होतो. तिथल्या मार्गदर्शकांनी गर्दी जरा थोपवून धरली. दादा, ती दोन मिनिटं मी विसरणार नाही.

आणि घरी सासूबाईंना पाचही दिवस गरम डबा देणाऱ्या शेजारच्या काकू, तुमच्यामुळे तर मी निघू शकले. तुमच्यासाठी शंख-शिंपल्यांची माळ आणलीय, संध्याकाळी येतेच.