लेबर वॉर्डातल्या सिस्टरना: कळा शमल्यानंतरच्या तासांसाठी

प्रिय सिस्टर,

परळपासून बोरिवलीपर्यंत मुंबईतल्या ज्या ज्या लेबर वॉर्डात एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं शमवणारं पाठीतलं भुलीचं औषध, दिलं जातं, तिथल्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. आम्ही भूलतज्ज्ञ. कळांचं दुखणं थांबलं की नातेवाईक आमचे आभार मानतात, पण आमचं काम वीस-पंचवीस मिनिटांचं. पुढचे सहा-आठ तास कळा देणाऱ्या बाईजवळ तुम्ही असता, आणि एपिड्युरल सुखरूप पार पडतं ते त्या तासांत. म्हणून हे आभार, नेमके कशाकशासाठी ते सांगून.

पहिले आभार सुई घालतानाचे. आम्ही पाठीमागे असतो, तुम्ही समोर. तिचे खांदे धरून 'हनुवटी छातीला लाव बाळा, पाठ बाहेर काढ' हे तुम्हीच सांगता. पोटावरच्या हाताला कळ आधी कळते आणि तुम्ही आम्हाला थांबवता. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधून एपिड्युरलची जाड टूही सुई आत जाते, सिरिंजमधल्या सलाईनला असलेला अडथळा एकाएकी नाहीसा होतो, आणि तिथून पाठीच्या कण्यातलं पाणी धरून ठेवणारा ड्युराचा पडदा जेमतेम काही मिलिमीटरवर असतो. त्या क्षणी ती दचकली तर पडद्याला भोक पडू शकतं. हे साधारण शंभरात एखादीला होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचं डोकं नंतर असह्य दुखतं: बसलं की सुरू, आडवं झालं की कमी. तुमच्या घट्ट हातांनी किती जणींची ही डोकेदुखी टळली, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

मग सुईतून बारीक नळी आत सरकवली की ती बरोबर जागी आहे ना हे बघणारा टेस्ट डोस: बधिर करणारं १.५ टक्के लिग्नोकेन ३ मिली, नाडी वाढवणाऱ्या ॲड्रेनलिनसह. तुम्ही नाडीचा आकडा मोठ्याने सांगत राहता. मिनिटभरात नाडी २० ने वाढली तर नळी रक्तवाहिनीत गेल्याची शंका. तीन ते पाच मिनिटांत पाय जड पडले तर ती पाठीच्या पाण्यात. कळेमुळेही नाडी वाढते, म्हणून कळ होती की नव्हती हे तुम्ही सांगितलंत तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

औषध सौम्य असतं. बधिर करणारं ०.१ टक्का किंवा त्याहून कमी बुपिव्हाकेन, मिलीमागे २ मायक्रोग्रॅम वेदनाशामक फेन्टानिल, पहिल्यांदा १० ते १५ मिली. तरी रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. दर पाच मिनिटांनी बीपी, किमान पहिली वीस मिनिटं, आणि प्रत्येक टॉप-अपनंतर, म्हणजे वाढीव डोसनंतर, पुन्हा तेच. बाळाचे ठोके अर्धा तास सलग. उताणी झोपवलं की भरलेलं गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं. उजव्या कुशीखाली उशी सरकवून तिला डावीकडे कलतं ठेवणारा हात तुमचा. बीपी पडल्यावर ते चढवणारं आमचं फेनिलेफ्रिन येईपर्यंत पुष्कळदा त्या उशीनेच बाळाचे ठोके सावरलेले असतात.

पण सगळ्यात मोठं ऋण वेगळंच आहे. दुखणं ही शरीराची हाक असते. ती हाक आम्ही बंद करतो आणि निघून जातो. तिच्या जागी तुमची नजर काम करते.

मूत्राशय तट्ट भरलं तरी तिला कळत नाही. दर दोन तासांनी तुम्ही ओटीपोट चाचपता, आधी तिला स्वतःहून लघवी होते का पाहता आणि नाहीच झाली तर साध्या कॅथेटरने काढता. हे राहून गेलं तर बाळाचं डोकं खाली सरकायला अडतं, आणि वार पडल्यावर गर्भाशय नीट आकसत नाही, रक्तस्राव होतो. ओल्या चादरीवर तासन्‌तास टेकलेली टाच आणि माकडहाड दुखत नाही, म्हणून कुशी बदलायची आठवणही तुम्हीच ठेवता. आधीचं सिझर असलेली बाई दोन कळांच्या मधेही दुखतंय म्हणाली, किंवा नीट चाललेलं एपिड्युरल अचानक पुरेनासं झालं, तर आणखी एक टॉप-अप मागण्याआधी तुम्ही व्रणावर हात ठेवता, ठोके बघता आणि प्रसूतितज्ज्ञांना बोलावता. व्रण उसवत असेल तर त्या एका शंकेने दोन जीव वाचतात.

एकाच बाजूला दुखत असेल तर फोनवर तुम्ही म्हणता, 'त्वचेजवळ नळीवर ९ होतं, आता ६ दिसतंय.' औषधाची जागा त्वचेपासून ५ सेंटीमीटरवर लागली होती हे आम्हाला ठाऊक असतं, म्हणून एवढ्यावर कळतं की नळी त्या जागेत जेमतेम १ सेंटीमीटर उरली. नवी घालायची तयारी करूनच यावं. बर्फ लावून थंड कुठवर लागत नाही ते बघणं हेही तसंच. बधिरपणा बेंबीच्या आसपास असावा. तो स्तनाग्रांच्या वर चढला, बोटांना मुंग्या आल्या, आवाज पुटपुटल्यासारखा झाला, तर तुम्ही आमची वाट न बघता औषधाचा पंप थांबवता, ऑक्सिजन लावता. आणि पंपाच्या नळीवर ठळक लेबल लावून ती सलाईनच्या नळीपासून लांब ठेवता. हेच बुपिव्हाकेन शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. त्यावर उतारा असलेली २० टक्के लिपिडची (स्निग्ध द्रावणाची) बाटली कुठे आहे हे रात्रपाळीच्या नव्या सिस्टरला पहिल्याच दिवशी दाखवणाऱ्या सीनियर सिस्टरना वेगळा नमस्कार.

'पाठीत इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर धरते' असं म्हणणाऱ्या सासूबाईंशी बोलणंही तुमच्याच वाट्याला येतं. टोचलेली जागा दोन-चार दिवस हुळहुळते. पुढची कंबरदुखी एपिड्युरल न घेतलेल्या बायकांनाही तेवढीच असते. हे आम्ही सांगितलं की मान डोलते, तुम्ही सांगितलं की पटतं.

नळी काढतानाही घड्याळ तुमच्याच हातात. रक्ताच्या गुठळ्या टाळणाऱ्या एनॉक्सापॅरिनचा ४० मिलिग्रॅमचा डोस झाला असेल तर १२ तास थांबायचं, नळी काढल्यावर पुढचा डोस किमान ४ तासांनी. काढलेल्या नळीचं टोक अखंड आहे हे बघून लिहायचं. मग 'पाय सरळ उचलून दाखव.' शेवटच्या औषधानंतर ४ तास उलटले आणि अजून पाय उचलता येत नसेल, तर ते औषधाचा अंमल रेंगाळलाय म्हणून सोडून द्यायचं नाही. मज्जारज्जूवर रक्ताची गाठ दाबत असू शकते, आणि तिथे तास मोजावे लागतात. पाय उचलला तरी पहिल्यांदा उठताना तिला एकटीला सोडायचं नाही: आधी बसती, मग उभी, मग दोघींच्या आधाराने बाथरूमपर्यंत.

आमच्याकडून एवढंच. ड्युटीवरच्या भूलतज्ज्ञाचा नंबर प्रत्येक चार्टवर मोठ्या अक्षरात लिहू. आणि पहाटे तीनला 'डॉक्टर, हिचा पाय उचलत नाहीये' असा फोन आला, तर 'बघू सकाळी' म्हणणार नाही, लगेच येऊ.

तुमचे,
भूलतज्ज्ञ