फाइलचा पत्ता तपासा

संपादक महोदय,

परीक्षांचे अर्ज सुरू झाले की सीताबर्डी, महाल, नंदनवन भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांत एकाच संगणकाला दिवसभर शेकडो हातांतले पेन ड्राइव्ह लागतात. त्यातून घरी आलेला व्हायरस अनेकदा विंडोजच्याच एखाद्या फाइलचे नाव लावून बसतो. नाव ओळखीचे म्हणून लोक त्याला सोडून देतात, नाहीतर घाबरून खरी फाइलच उडवतात आणि संगणक बंद पाडून घेतात.

सगळ्यात जास्त गोंधळ 'एसव्हीसीहोस्ट'चा (svchost.exe), म्हणजे विंडोजच्या पडद्यामागच्या सेवा चालवणाऱ्या फाइलचा. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या यादीत, ही पन्नास-साठ वेळा दिसली तरी घाबरू नये. २०१७ नंतरच्या विंडोज १० मध्ये, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर, बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळते. पाहायचा असतो तो पत्ता, म्हणजे फाइल कोणत्या फोल्डरमधून चालते ते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून 'डिटेल्स' उघडा, वरच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'इमेज पाथ नेम' आणि 'कमांड लाइन' निवडा. खरी फाइल सी ड्राइव्हवर विंडोजच्या 'सिस्टम३२'मध्ये असते, क्वचित 'सिसवॉव६४'मध्ये, आणि तिच्या कमांड लाइनमध्ये '-k' हा पर्याय दिसतो. तीच 'टेम्प', 'ॲपडेटा' किंवा पेन ड्राइव्हवरून चालत असेल तर ती बनावट समजा. पत्ता रिकामा दिसला तर टास्क मॅनेजर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पुन्हा पाहा.

फोल्डर आणि टास्कबार दाखवणारी 'एक्सप्लोरर' (explorer.exe) मात्र खुद्द विंडोज फोल्डरमध्ये असते. सिस्टम३२ मध्ये सापडली तर शंका घ्या. लॉगिन आणि पासवर्ड तपासणारी 'एलसॅस' (lsass.exe) एकच चालते. तिच्या नावातल्या लहान 'एल'च्या जागी मोठा 'आय' घातला की डोळ्यांना फरक कळत नाही. 'ओ'च्या जागी शून्य घालणे, दोन अक्षरांची अदलाबदल करणे हेही नेहमीचेच. 'प्रॉपर्टीज'मध्ये डिजिटल सहीचा टॅब नाही एवढ्यावरून फाइलला दोषी धरू नये, कारण विंडोजच्या कित्येक फाइलींची सही फाइलमध्ये नसून कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली असते.

पत्ता बरोबर असूनही धोका उरतो. काही व्हायरस चालू असलेल्या खऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात शिरतात, आणि तिथे डोळ्यांनी केलेली तपासणी संपते. म्हणून संशय आला की इंटरनेट तोडा, काम सेव्ह करा आणि विंडोज सिक्युरिटीच्या 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'डिफेंडर ऑफलाइन' चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटे तपासणी चालते. विंडोज सुरू होण्याआधीच ती होत असल्याने व्हायरसला लपायला जागा कमी राहते. फाइल हाताने डिलीट करू नका. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

झेरॉक्स दुकानदारांना आमची कळकळीची विनंती: फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स', म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरे, चालू ठेवा. विंडोज ती मुळात लपवते, त्यामुळे 'मार्कशीट.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'मार्कशीट.पीडीएफ' दिसते आणि विद्यार्थी ती निर्धास्तपणे उघडतो. पेन ड्राइव्ह लावल्यावर आधी स्कॅन, मग प्रिंट, एवढा क्रम पाळावा.

– संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, नागपूर