उंदराचं घरटं काय सांगतं

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

काकांना कंपवात (पार्किन्सन) झाल्याचं तू कळवलंस आणि सोबत विचारलंस, प्रयोगशाळेतल्या उंदराला हाच आजार झालाय हे तुम्ही ओळखता कसं? प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नेहमीची चाचणी रोटारॉडची. फिरत्या दांड्यावर उंदीर ठेवायचा आणि तो कधी खाली पडतो ते बघायचं. पण तिथे आपण त्याला धावायला भाग पाडतो. मला जास्त भरवसा वाटतो तो उंदीर आपणहून करतो त्या कामाचा, म्हणजे घरट्याचा.

ऑक्सफर्डच्या रॉबर्ट डिकन यांनी 2006 मध्ये ही पद्धत नीट लिहून काढली. उंदीर एकटा ठेवायचा आणि अंधार होण्याच्या तासभर आधी पिंजऱ्यात घट्ट दाबलेल्या कापसाचा चौकोन टाकायचा, वजन साधारण 3 ग्रॅम. सकाळी 1 ते 5 गुण द्यायचे. चौकोनाला जवळजवळ तोंडच लावलेलं नसेल तर 1. वाटीसारखं खोल घरटं झालं असेल आणि निम्म्याहून जास्त घेराला भिंती उंदराच्या अंगाहून उंच असतील, तर 5. न फाडलेला कापूस वेगळा काढून तोलायचा.

हे काम जवळून बघण्यासारखं असतं. उंदीर पुढच्या दोन्ही पंजांनी चौकोन धरतो, दातांनी तंतू ओढून पिंजतो, पिंजलेला कापूस तोंडात धरून कोपऱ्यात नेतो, मग मधे बसून गोल फिरत कडा वर उचलतो. पंजे, जबडा, मान, सगळ्यांचा मेळ लागतो. नर असो वा मादी, पिल्लं असोत वा नसोत, घरटं होतंच, कारण उंदराला 30 अंशांच्या आसपास बरं वाटतं आणि प्रयोगशाळा त्याहून बरीच थंड असते.

एमपीटीपी नावाचं रसायन मेंदूतल्या डोपामिन (हालचालींना लागणारं द्रव्य) बनवणाऱ्या पेशी मारतं; कंपवातातही याच पेशी मरतात. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीच्या अमली पदार्थातून ते तरुणांच्या शरीरात गेलं आणि त्यांना कंपवातासारखी लक्षणं झाली, तेव्हा ते उजेडात आलं. हे रसायन दिलेल्या उंदरांची घरटी बिघडतात.

पण इथे घाई करू नये, हे मी नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. गुण कमी आले म्हणजे हातपाय चालत नाहीत, असं नाही. हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाला, इजा झाली तरी घरटं बिघडतं. आजारी, दुखणाऱ्या उंदराचंही बिघडतं.

2001 च्या एका प्रयोगाने तर मला विचारात पाडलं. डोपामिन मुळीच न बनवणारे उंदीर खात नाहीत, उपाशी मरतात. त्यांच्या मेंदूच्या स्ट्रायटममधल्या कॉडेट-पुटामेन या भागात जनुकोपचाराने डोपामिन परत आणलं, तर ते नेहमीचं अन्न खाऊ लागले आणि घरटीही बांधू लागले. हालचालींचा मेळ मात्र पूर्ण सुधारला नव्हता! म्हणजे जे परत आलं ते नुसतं पंजांचं कसब नव्हतं, काम हाती घेण्याची ओढसुद्धा असावी. म्हणून घरट्याचे गुण मी एकटे कधी वाचत नाही. वजन, खाणं, रोटारॉड, सगळं शेजारी मांडतो, आणि चौकोन नुसता हुंगून सोडलाय की कुरतडून अर्धवट टाकलाय, तेही वहीत लिहितो.

काकूंना नमस्कार सांग. काकांची औषधं चालू झाली की कळव.

तुझा,
मकरंद